काचेवर आपटलेल्या पक्ष्याचे काय करावे, आणि त्या काचेचे काय करावे

मुळशीच्या बाजूला डोंगरउतारावर बांधलेल्या एका नव्या घरातून हा प्रश्न आला आहे. घराच्या दिवाणखान्याला दरीकडे तोंड करून चौदा फूट रुंद आणि जमिनीपासून छतापर्यंत उंच काच आहे. मे महिन्यात तीन आठवड्यांच्या आत तिच्यावर तीन पक्षी आपटले. पहिला बुलबुल पाच मिनिटांत सावरून उडून गेला. दुसरा पाचू कवडा होता. त्याच्या चोचीत ड्रॉपरने ग्लुकोजचे पाणी घातले, डोक्याला हळद लावली, आणि तो त्याच रात्री मेला. तिसरा नवरंग अर्ध्या तासाने झाडीत उडाला. काचेला आतून ससाण्याच्या आकाराचे स्टिकर लावूनही प्रकार थांबलेला नाही. आपले काय चुकले, पुढचा पक्षी कसा वाचवावा आणि तो आपटूच नये म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी पशुवैद्य आहे आणि गेली अनेक वर्षे जखमी वन्य पक्ष्यांवर उपचार करतो. काचेवर आपटलेले पक्षी आमच्याकडे वर्षभर येतात. पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा ऑक्टोबरात, म्हणजे पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या दिवसांत, त्यांची संख्या स्पष्टपणे वाढते. त्या अनुभवावरून जे खात्रीने सांगता येते तेवढेच येथे लिहितो.

प्रथम कवड्याविषयी. डोक्याला बसलेल्या माराने तो कदाचित मेलाच असता, त्यामुळे सगळा दोष स्वतःकडे घेऊ नये. पण बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी घालणे ही आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत जास्त जीव घेणारी चूक आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे, तोंडाच्या तळाशी उघडे असते. शुद्धीतला पक्षी गिळताना ते मिटून घेतो. गुंगीतल्या पक्ष्याला ते जमत नाही, आणि दोन थेंब पाणीही थेट श्वासमार्गात उतरते. पाणी, ग्लुकोज, मध, दूध, ब्रँडी, भिजवलेली पोळी यांपैकी काहीही देऊ नये. तोंडावर पाणी शिंपडू नये. हळद, तेल, तूप, मलम पिसांना लावू नये, कारण पिसे चिकटली की त्यांचे ऊब धरण्याचे आणि पाणी झटकण्याचे काम बंद पडते. लहान पक्षी उपाशी राहू शकत नाहीत हे खरे, पण पहिल्या दोन-तीन तासांत भुकेने कोणी मरत नाही.

आपटल्यावर शरीरात नेमके काय होते ते समजले की पुढचे बरेचसे नियम आपोआप पटतात. खिडकीखाली मरून पडलेल्या पक्ष्याची मान सैल लोंबताना दिसते, म्हणून मान मोडली असे लोक समजतात. अमेरिकेतील पक्षीशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम यांनी १९७० च्या दशकापासून या एकाच विषयावर काम केले आणि असे मृत पक्षी तपासले. मान मोडल्याची उदाहरणे अगदी थोडी निघाली, बहुतेकांच्या मृत्यूचे कारण कवटीच्या आत झालेला रक्तस्राव आणि मेंदूची सूज हे होते. पक्ष्याची मान मेल्यावर तशीही सैलच असते. मेंदूची सूज आपटल्याच्या क्षणी पूर्ण झालेली नसते, ती पुढचे काही तास, कधी एक-दोन दिवससुद्धा वाढत राहते. म्हणूनच पाच मिनिटांत उडून गेलेला पक्षी वाचलाच असे मानता येत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातील पुनर्वसन केंद्रांत आलेल्या, इमारतींवर आपटलेल्या तीन हजारांहून अधिक पक्ष्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळूनही त्यांतले सुमारे ६० टक्के पक्षी वाचू शकले नाहीत. जे केंद्रापर्यंत न पोहोचता झाडीत जाऊन बसतात, त्यांची अवस्था याहून चांगली असेल असे मानायला काहीच आधार नाही.

मेंदूखालोखाल मार बसतो तो खांद्याला आणि डोळ्यांना. पक्ष्याच्या खांद्यापासून छातीच्या हाडापर्यंत टेकूसारखे एक मजबूत हाड असते, त्याला कोरॅकॉइड म्हणतात. पंख खाली मारताना येणारा सगळा दाब हे हाड पेलते. काचेवर छाती आपटली की ते मोडते, आणि अडचण अशी की ते मोडले तरी पंख बऱ्याचदा लोंबत नाही. पक्षी नीट उभा राहतो, डोळे उघडतो, पंख फडफडवतो, दहा-वीस फूट सरळ किंवा उतरता उडतोसुद्धा; फक्त वर चढू शकत नाही. दरीच्या उतारावरून सोडलेला असा पक्षी सुरेख उडून गेल्यासारखा दिसतो, आणि संध्याकाळी खालच्या रानात मांजराच्या किंवा मुंगसाच्या तावडीत सापडतो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका नवरंगाला खोक्यातून सोडून समाधानाने परतलो होतो. दुसऱ्या दिवशी तोच पक्षी शेजारच्या आवारात जमिनीवर सापडला. क्ष-किरण तपासणीत कोरॅकॉइड मोडलेले दिसले. एक दिवस आधी ते चित्र काढले असते तर त्याच्या वाट्याला ती रात्र आली नसती. तेव्हापासून मी 'उडाला' हा शब्द 'बरा झाला' या अर्थाने वापरत नाही. आपला नवरंग उतारावर खाली गेला की फांदीवर वर चढला, हे आठवत असेल तर त्यावरून बराच अंदाज येईल.

आता प्रत्यक्ष कृती. आवाज ऐकून बाहेर गेल्यावर पक्षी जमिनीवर दिसला तर प्रथम कावळे, मांजर, कुत्रा यांच्याकडे लक्ष द्यावे. गुंगीतला पक्षी कावळ्यांना फार लवकर सापडतो. एक सुती पंचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा अंगावर टाकून, डोके झाकले जाईल अशा बेताने त्याला दोन्ही हातांनी उचलावे. पंख अंगाशी मिटलेले असावेत, पण छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते; छातीचे हाड पुढेमागे हलूनच त्यांचा श्वास चालतो, आणि घट्ट धरलेला पक्षी नाक-तोंड मोकळे असूनही गुदमरतो. बगळा, वंचक किंवा मोठा खंड्या असेल तर त्याच्या चोचीपासून स्वतःचे डोळे सांभाळावेत, आणि शिक्रा, घुबड यांच्या बाबतीत नख्यांपासून हात. हे पक्षी जाड टॉवेलाशिवाय उचलू नयेत.

त्याला ठेवण्यासाठी पुठ्ठ्याचा खोका सर्वांत उत्तम. बुलबुल, नवरंग यांना बुटांचा खोका पुरतो. कवड्याला किंवा शिक्र्याला मोठा लागतो. हवेसाठी भोके पक्षी आत ठेवण्याआधी पाडावीत. तळाला सुती कापड अंथरावे, टॉवेल नको, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांत नख्या अडकतात. पक्ष्याला उभे राहता येत नसेल तर कापडाची चुंबळ करावी, डोक्यावर हंडा घेताना करतात तशीच, आणि त्या चुंबळीत त्याला छाती टेकवून बसवावे. कुशीवर किंवा पाठीवर पडू दिले तर श्वास घेणे त्याला जड जाते. तारेचा पिंजरा कधीही वापरू नये. घाबरलेला पक्षी तारांवर धडका देतो, पिसे मोडतात, आणि मोडलेले पीस पुढच्या पीसगळतीपर्यंत पुन्हा येत नाही. खोका बंद करून घरातल्या सर्वांत शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवावा आणि अर्धा तास अजिबात उघडू नये. ही शेवटची सूचना पाळणे लोकांना सर्वांत कठीण जाते. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून पाहणे, मुलांना दाखवणे, कुरवाळणे, चित्रफीत काढणे हे सगळे मायेपोटी होते, पण वन्य पक्ष्याला माणसाचा चेहरा म्हणजे शिकाऱ्याचा चेहरा, आणि आपण जवळ गेलो की त्याच्या हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो. कवटीच्या आत रक्तस्राव चालू असताना हे नेमके घातक ठरते.

ऊब द्यावी का, असेही विचारले जाते. पक्ष्याचे तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे भिजून गारठलेल्या पक्ष्याला ऊब हवीच. जूनच्या पावसात सापडलेल्या पक्ष्यासाठी कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका अंगाला ठेवावी, म्हणजे नको असल्यास तो दुसऱ्या अंगाला सरकू शकेल. पण डोक्याला मार लागलेल्या कोरड्या पक्ष्याला जास्त उष्णता देऊ नये, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत तर खोका घरातल्या गार कोपऱ्यातच ठेवावा. चोच उघडी टाकून तो धापा टाकत असेल तर उष्णता जास्त झाली आहे असे समजावे.

अर्ध्या तासानंतर, फार तर दोन तासांनंतर, खोका झाडीजवळ, काचेपासून लांब नेऊन जमिनीवर ठेवावा आणि झाकण उघडून आपण मागे सरकावे. पक्ष्याला हवेत उडवून फेकू नये, कोणत्याही परिस्थितीत नाही. तो आपणहून, जोराने, वर चढत उडाला, वळण घेऊन फांदीवर नीट बसला, तर जाऊ द्यावा. डोके एका बाजूला कलंडलेले, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या नसलेल्या, एक डोळा मिटलेला, चोचीत किंवा नाकपुडीत रक्त, एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली, त्वचेखाली हवेचा फुगा (आतली हवेची पिशवी फाटली की असा येतो), उभे राहताना तोल जाणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर दोन तास थांबण्याचीही गरज नाही. त्याला लगेच उपचारांसाठी न्यावे. संध्याकाळी आपटलेला दिवसाचा पक्षी रात्री सोडू नये, खोक्यातच ठेवून पहाटे पाहावे. घुबड आणि रातवा यांना उलट, दिवस मावळल्यावर सोडावे. पाकोळीची गोष्ट वेगळी आहे. तिचे पाय इतके आखूड असतात की सपाट जमिनीवरून तिला सहज उठता येत नाही, त्यामुळे जमिनीवर पडलेली पाकोळी जखमी असेलच असे नाही, पण नसेलच असेही नाही. ती जाणकाराला दाखवावी.

न्यायचे कोठे, तर महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. तो लावून पक्षी, ठिकाण आणि अवस्था सांगितली की जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयाची किंवा उपचार केंद्राची माहिती मिळते. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे वन्यजीव उपचार केंद्र आहे, मुंबईत परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले प्राण्यांचे रुग्णालय आहे, आणि पुण्यासह बऱ्याच शहरांत वन विभागाच्या परवानगीने काम करणाऱ्या बचाव संस्था आहेत. आपल्या भागातला क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवावा; पक्षी हातात असताना शोधाशोध करण्यात तास जातो. वन्य पक्षी घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार अशा वन्यप्राण्याचा ताबा आल्यास ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. जखमी पक्ष्याला वाचवण्यासाठी उचलून वन विभागाकडे देणाऱ्याने या कायद्याला घाबरू नये. 'बरा होईपर्यंत आमच्याकडेच राहू द्या' या आग्रहाला मात्र कायद्यात जागा नाही, आणि पक्ष्याच्या दृष्टीनेही तो हिताचा नाही.

गावातल्या पशुवैद्यांना पक्ष्यांचा अनुभव कमी असतो, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. डोक्याच्या दुखापतीवर स्टिरॉइड देण्याची जुनी पद्धत आता सोडून दिलेली आहे. पक्ष्यांत त्याने प्रतिकारशक्ती खाली जाते आणि बुरशीचा संसर्ग बळावतो. वेदना व सूज यांसाठी मेलॉक्सिकॅम वापरतात. डायक्लोफेनॅकला हातही लावू नये. गिधाडांचा नाश याच औषधाने झाला आणि म्हणूनच २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर आपल्याकडे बंदी आली. प्राणवायू, अंधार, शांतता, आणि कोरॅकॉइड मोडले असेल तर लहान जागेत दोन-तीन आठवडे सक्तीची विश्रांती, एवढ्यावर बरेच पक्षी पुन्हा उडतात. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

एक सावधगिरी. काचेखाली एखादा पक्षी पडलेला असतो तेव्हा कारण उघड असते. पण काचेपासून लांब, एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला होता, हे विसरू नये. एकट्या पक्ष्याला हाताळल्यावरही हात साबणाने धुवावेत.

इथपर्यंत पक्ष्याचे झाले. पण माझ्या मते आपल्या प्रश्नातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. तीन आठवड्यांत तीन पक्षी, तेही आपल्याला दिसलेले. आपण घरात नसताना आपटलेले, कावळ्यांनी उचललेले, झाडीत जाऊन मेलेले यांत धरलेले नाहीत. ज्या काचेवर एक पक्षी आपटला तिच्यावर दुसरा आपटणारच, कारण काच तीच, झाडे तीच, उडण्याची वाटही तीच असते. म्हणून काचेवरचा उपाय हा जखमी पक्ष्यावरच्या उपचाराइतकाच तातडीचा समजावा.

पक्ष्याला काच दिसत नाही, आणि ती दोन प्रकारे फसवते. बाहेरून पाहिले तर दिवसा आपल्या काचेत दरी, आभाळ आणि समोरची झाडे जशीच्या तशी उमटलेली असतात. पक्षी त्या झाडांकडे उडतो. दुसरा प्रकार आरपार दिसण्याचा: गॅलरीचे काचेचे कठडे, दोन काचा जुळतात तो कोपरा, समोरासमोरच्या दोन खिडक्या. तेथे पक्ष्याला पलीकडची मोकळी जागा दिसते. पाचू कवडा रानात जमिनीपासून थोड्याच उंचीवर, झाडांच्या मधून, बाणासारखा सरळ उडतो. त्यामुळे रानाला लागून असलेल्या काचेच्या घरांत तो फार सापडतो. नवरंग मेच्या शेवटी आणि जूनमध्ये रात्री प्रवास करत आपल्याकडे येतो आणि पाऊस सरल्यावर दक्षिणेकडे व श्रीलंकेकडे परततो. कोकणात कर्नाळ्यासारख्या ओढ्यांच्या रानात पावसाच्या तोंडावर येणारा तिबोटी खंड्या हाही रात्रीचाच प्रवासी. थकलेला पक्षी पहाटे अनोळखी जागी उतरतो आणि काचेतल्या झाडावर बसायला जातो. सिंगापूरमध्ये इमारतींवर आपटलेल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, त्यांत नवरंगाचे स्थलांतर करणारे भाऊबंद ठळकपणे आढळले.

हे उंच काचेच्या मनोऱ्यांचे दुखणे आहे, घरांचे नाही, असा समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेतील माहिती एकत्र करून २०१४ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला त्यानुसार तेथे वर्षाला साडेछत्तीस कोटी ते जवळजवळ नव्व्याण्णव कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात, आणि त्यांत उंच मनोऱ्यांचा वाटा एक टक्क्याहून कमी निघाला; बाकी सगळे एक ते तीन मजली घरांचे आणि मध्यम उंचीच्या इमारतींचे. एका मनोऱ्यावर जास्त पक्षी मरतात, पण घरे कितीतरी अधिक. पक्षी वावरतात ते झाडांच्या उंचीपर्यंत, आणि आपल्या काचाही तेवढ्याच उंचीवर असतात. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये नव्या इमारतींसाठी पक्षी-सुरक्षित काचेचा कायदा केला, तोही मुख्यतः खालच्या ७५ फुटांसाठी.

ससाण्याच्या स्टिकरने काही का झाले नाही, याचे उत्तर आता सोपे आहे. न हलणाऱ्या काळ्या आकाराला पक्षी ससाणा मानत नाही, एक अडथळा मानतो; तो अडथळा टाळून शेजारच्या मोकळ्या काचेत घुसतो. शिवाय ते आतून लावलेले आहे. प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर उमटते, त्यामुळे आतली खूण दिवसा त्या प्रतिबिंबामागे लपून जाते. यावरून दोन नियम निघतात, आणि बाकी सगळे त्यांचेच तपशील आहेत: खूण बाहेरून असली पाहिजे, आणि दोन खुणांमधली मोकळी जागा इतकी लहान असली पाहिजे की त्यातून आपण जाऊ शकू असे पक्ष्याला वाटू नये. ठिपके असतील तर प्रत्येक ठिपका किमान ६ मिलिमीटर रुंद आणि दोन ठिपक्यांतले अंतर उभे-आडवे ५ सेंटिमीटर. शिंजीर आणि शिंपी यांच्यासारखे छोटे पक्षी डोळ्यांसमोर आणले की हे अंतर इतके कमी का, ते कळते.

हे खरोखर चालते का, यासाठी शिकागोचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे तलावाकाठी मॅकॉर्मिक प्लेस नावाचे प्रदर्शन-केंद्र आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, ४ तारखेची रात्र ते ५ तारखेची सकाळ एवढ्या वेळात त्याच्या काचांवर आपटून सुमारे एक हजार स्थलांतरी पक्षी मेले. पुढच्या उन्हाळ्यात त्या काचांना बाहेरून ठिपक्यांची फिल्म लावली, आणि त्यानंतरच्या हंगामात मृत्यू ९० टक्क्यांहून जास्त घटले. इमारत तीच, तलाव तोच, पक्ष्यांचा मार्गही तोच होता. बदलली ती फक्त काच.

आपल्या घरासाठी मी ठिपक्यांऐवजी दोऱ्या सुचवीन. काचेच्या वर, बाहेरच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी बसवावी, तिला ९ ते १० सेंटिमीटरवर भोके पाडावीत आणि प्रत्येक भोकातून ३ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी काचेच्या तळापर्यंत सोडावी. उभ्या दोऱ्यांना एवढे अंतर चालते, कारण त्या वाऱ्याने थोड्या हलतात आणि काचेपासून सुटलेल्या असतात. चौदा फुटांना बेचाळीस ते सत्तेचाळीस दोऱ्या लागतील. हेच काम ठिपक्यांनी करायचे तर नऊ फूट उंची धरून साडेचार हजारांच्या आसपास ठिपके चिकटवावे लागतील. सुतळी वापरू नये, मुळशीच्या पावसात ती एका हंगामात कुजते. तेथल्या वाऱ्यात खालची टोके मोकळी राहिली तर गुंता होईल, म्हणून खालीही एक पट्टी घेऊन त्यात ती सैलसर अडकवावीत. आतून पाहताना आठवड्याभरात त्या दोऱ्यांकडे लक्षही जात नाही.

उघडणाऱ्या खिडक्यांना बाहेरून लावलेली मच्छरजाळी हा उपाय आणखी चांगला. ती प्रतिबिंब मोडते, पक्षी आदळलाच तर झेलते, आणि डासांचेही काम होते. ती ताणून, काचेपासून चार बोटे अंतर ठेवून बसवावी. कबुतरांसाठी लावतात ती मोठ्या भोकांची जाळी सैल असेल तर तीत पक्षी अडकतात. लावायचीच असेल तर कडक ताणलेली असावी. पश्चिमेच्या काचेला बांबूच्या चिका किंवा वाळ्याचे पडदे बाहेरून सोडले तर ऊन आणि पक्षी दोन्ही अडतात. आपल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना चार-चार बोटांवर गज असत, आणि ते काचेच्या बाहेर असत. त्या खिडकीवर पक्षी आपटल्याचे मी तरी ऐकलेले नाही. नव्या बांधकामात लोखंडी जाळी आत आणि सरकती काच बाहेर असा क्रम झाला, त्याने ते संरक्षण गेले. आपण घर बांधणाऱ्यांना सल्ला देण्याच्या स्थितीत असाल तर हा एक क्रम पुन्हा उलटा करायला सांगावे.

दोऱ्या येईपर्यंत, आजच्या आज करता येण्यासारखे म्हणजे अंगाच्या साबणाच्या कोरड्या वडीने काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर उभ्या-आडव्या रेघा मारणे. पाऊस आला की त्या धुऊन जातील, पुन्हा माराव्यात. बाजारात मिळणाऱ्या, आपल्याला न दिसणारे अतिनील किरण परावर्तित करणाऱ्या स्टिकरांवर मात्र भिस्त ठेवू नये. ते किरण सर्व पक्ष्यांना सारखे दिसत नाहीत. कवडे-पारवे, शिकारी पक्षी आणि कावळे यांना ते फारच कमी जाणवतात, आणि आपल्या काचेवर मेला तो कवडाच आहे. उन्हापासून बचावासाठी आरशासारखी चमकणारी फिल्म कोणी सुचवली तर ती घेऊ नका. प्रतिबिंब आणखी स्वच्छ करणारी याहून वाईट वस्तू नाही.

काचेला लागून आत ठेवलेल्या कुंड्या मागे सरकवाव्यात, बाहेरून त्या झुडपासारख्या दिसतात. गॅलरीच्या काचेच्या कठड्याला दोऱ्या शक्य नसतात, तेथे बाहेरून ठिपके किंवा पट्ट्याच हव्यात. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याचे परळ ठेवण्याची आपल्याकडची रीत चांगली आहे, पण ते ठेवायचे कोठे हे महत्त्वाचे. काचेपासून काही मीटरवरचे परळ सर्वांत घातक, कारण कावळा किंवा शिक्रा आल्यावर घाबरून उडालेला पक्षी पूर्ण वेगाने काचेवर जातो. ते काचेपासून एक मीटरच्या आत ठेवावे, म्हणजे वेग येण्याआधीच धडक होईल, किंवा दहा मीटरच्या पलीकडे न्यावे. मेअखेर ते जून आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात रात्री दहानंतर बाहेरचे झगमगते दिवे बंद ठेवावेत आणि पडदे ओढावेत.

दयाळ, चिरक किंवा बुलबुल रोज ठरावीक वेळी येऊन काचेवर चोची मारत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. विणीच्या दिवसांत तो स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून भांडतो. त्याने सहसा जीव जात नाही, पण पक्षी थकतो आणि घरट्याकडे दुर्लक्ष होते. ती काच विणीचा काळ संपेपर्यंत बाहेरून कापडाने झाकावी.

नवरंगांचे येणे अजून दोन-तीन आठवडे चालेल, तेव्हा साबणाच्या रेघा आजच मारा आणि दोऱ्यांचे काम पावसाने जोर धरण्याआधी उरका. एक वही काचेजवळ ठेवा: तारीख, वेळ, काचेचा कोणता भाग, कोणता पक्षी, काय झाले. दररोज सकाळी काचेखालची जमीन आणि काचेवरचे पिसांचे किंवा धुळीचे ठसे पाहा. कवड्यांच्या पिसांची भुकटी काचेवर पंखांची पूर्ण आकृती उमटवून जाते. दोऱ्या लावल्यावरही ठसा दिसला तर तेथे हाताने अंतर मोजा. बहुतेक वेळा काठाला, जेथे शेवटची दोरी आणि चौकट यांच्यात वीतभर जागा राहून गेलेली असते, तेथेच तो सापडतो, आणि तेथे आणखी एक दोरी सोडावी लागते.